रूपविकारी ताऱ्यांचे हौशी निरीक्षण

रूपविकारी ताऱ्यांचे हौशी निरीक्षण : ज्या ताऱ्यांची पृथ्वीवरून दिसणारी तेजस्विता कालमानाने कमीजास्त होते, त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. हा बदल काही ताऱ्यांत तासांत, काहींत दिवसांत, तर काहींत अनेक वर्षांत घडून येतो. काही ताऱ्यांत तो घड्याळाइतका नियमित असतो, तर काहींत त्याचा मुळीच भरवसा देता येत नाही. आलटून पालटून होणारी ग्रहणे, ताऱ्याच्या बाह्य थरांचे स्पंदन, एका ताऱ्यावरील द्रव्य दुसऱ्यावर ओढले जाणे, पृष्ठभागावरील स्फोट अशी त्याची निरनिराळी कारणे आहेत. कारण कोणतेही असले, तरी त्याचा शोध घेण्यासाठी प्रथम ताऱ्याच्या तेजस्वितेची दीर्घकाळ व शक्य तितकी अखंड नोंद हाती असावी लागते. मोठ्या वेधशाळांतील दूरदर्शकांचा वेळ अनेक कामांत वाटला जात असल्याने एखाद्याच ताऱ्याकडे वर्षानुवर्षे पाहत राहणे त्यांना सहसा शक्य नसते. हे काम गेली सु. दोन शतके प्रामुख्याने हौशी निरीक्षकांनी, म्हणजे अन्य व्यवसाय सांभाळून स्वेच्छेने व विनावेतन आकाशाचे वेध घेणाऱ्या व्यक्तींनी केले आहे. खगोलशास्त्राच्या ज्या थोड्या शाखांत हौशी व्यक्तीचे काम व्यावसायिक संशोधनाचा अविभाज्य भाग बनले, त्यांपैकी ही एक प्रमुख शाखा होय.

प्रारंभ : तारे अचल व अविकारी आहेत, ही ॲरिस्टॉटल यांच्यापासून चालत आलेली समजूत यूरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दृढ होती. १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात दिसलेल्या नवताऱ्याने तिला पहिला मोठा धक्का दिला. त्यानंतर १५९६ च्या ऑगस्टमध्ये डाव्हिट फाब्रिट्सिउस (१५६४–१६१७) या जर्मन धर्मोपदेशकांना तिमिंगल तारकासमूहात एक अनोळखी तारा दिसला. काही आठवड्यांत तो मंद होत होत दिसेनासा झाला, तेव्हा तोही नवताराच असावा असे त्यांनी मानले; परंतु १६०९ मध्ये त्यांना तो त्याच जागी पुन्हा दिसला. १६३८ च्या सुमारास योहानेस होलवार्डा या डच ज्योतिर्विदांनी त्याचे दिसणे व लोपणे सु. अकरा महिन्यांच्या अंतराने पुनःपुन्हा घडत असल्याचे दाखवून दिले आणि १६६७ मध्ये इझ्माएल बूयो यांनी त्याचा आवर्तकाल ३३३ दिवस इतका निश्चित केला. आधुनिक मान ३३२ दिवस आहे. योहानेस हेव्हेलिउस यांनी या ताऱ्याला दिलेले ‘मीरा’ (अद्भुत) हे नाव रूढ झाले आणि त्याच्यासारख्या दीर्घावर्ती ताऱ्यांच्या सबंध वर्गालाही पुढे तेच नाव मिळाले.

या विषयाला शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय इंग्लंडमधील यॉर्क येथील दोन शेजाऱ्यांना दिले जाते. एडवर्ड पिगट (१७५३–१८२५) व जॉन गुडरिक (१७६४–८६) हे दोघेही कोणत्याही वेधशाळेच्या सेवेत नव्हते. गुडरिक लहानपणापासून बहिरे होते. १७८२ च्या नोव्हेंबरमध्ये ययाति तारकासमूहातील अल्गॉल हा तारा नेहमीपेक्षा बराच मंद झाल्याचे त्यांनी पाहिले आणि त्यानंतर तो ते आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक रात्री पाहू लागले. हा तारा ठराविक काळाने काही तासांपुरता मंद होतो व पुन्हा पूर्ववत् होतो, असे आढळून आले. हा आवर्तकाल त्यांनी काढला, तो २ दिवस २० तास ४५ मिनिटे होता. आजच्या मानाशी त्यात केवळ चार मिनिटांचा फरक आहे. ताऱ्याभोवती फिरणारी एखादी मोठी वस्तू त्याच्यासमोर आल्यामुळे असे घडत असावे, हे त्यांनी सुचविलेल्या दोन कारणांपैकी एक होते. वर्णपटाच्या साहाय्याने हे अनुमान खरे ठरण्यास १८८९ साल उजाडले. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने गुडरिक यांना कॉप्ली पदक दिले, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. १७८४ मध्ये पिगट यांनी गरुड तारकासमूहातील ईटा या ताऱ्याची आणि गुडरिक यांनी स्वरमंडलातील बीटा व वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा या ताऱ्यांची रूपविकारिता शोधून काढली. १७८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षात, गुडरिक यांचा मृत्यू झाला.

वृषपर्वातील डेल्टाचा आवर्तकाल सु. ५ दिवस ९ तास आहे. याच ताऱ्यावरून नाव पडलेल्या सेफीड वर्गातील ताऱ्यांचा आवर्तकाल व त्यांची खरी तेजस्विता यांत निश्चित संबंध असल्याचे हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखविले. या संबंधाच्या आधारे एडविन हबल यांनी १९२३–२४ मध्ये देवयानी तारकासमूहातील अभ्रिका आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ पलीकडे असलेली स्वतंत्र दीर्घिका आहे, हे सिद्ध केले. यॉर्कमधील एका घराच्या खिडकीतून केलेल्या नोंदींचे पर्यवसान विश्वाचे अंतर मोजण्याच्या साधनात होण्यास अशा प्रकारे सु. १४० वर्षे लागली.

आर्गेलांडर यांचे आवाहन : जर्मनीतील बॉन येथील ज्योतिर्विद फ्रीड्रिख आर्गेलांडर (१७९९–१८७५) यांनी १८४४ मध्ये खगोलशास्त्राच्या स्नेह्यांना उद्देशून एक आवाहन प्रसिद्ध केले. त्या वेळी निश्चितपणे माहीत असलेल्या रूपविकारी ताऱ्यांची संख्या दोन डझनांहून कमी होती. हे काम वेधशाळांना एकट्याने झेपणारे नाही. उलट, नुसते डोळे किंवा छोटी दुर्बीण एवढ्याच साधनांवर कोणाही चिकाटीच्या व्यक्तीला ते उत्तम करता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. केवळ आवाहन करून ते थांबले नाहीत, तर त्यांनी निरीक्षणाची पद्धतही घालून दिली. रूपविकारी तारा व त्याच्या जवळचा अविकारी तारा यांची तेजस्विता लागोपाठ पाहून तीमधील फरक ठराविक ‘पायऱ्यां’मध्ये मांडावयाचा, असे तिचे स्वरूप होते. या विषयातील नामकरणाची पद्धतही त्यांचीच. ज्या रूपविकारी ताऱ्याला पूर्वीचे नाव नाही, त्याला त्या तारकासमूहातील क्रमानुसार ‘आर’पासून ‘झेड’पर्यंतची रोमन अक्षरे द्यावयाची, असे त्यांनी ठरविले. तारे वाढत गेले तशी अक्षरांच्या जोड्यांची व नंतर अंकांची भर घालावी लागली.

या नोंदी परस्परांशी ताडून पाहण्यासाठी एकच मोजपट्टी असणे आवश्यक होते. ताऱ्यांच्या तेजस्वितेची वर्गवारी ‘प्रत’ या संज्ञेने केली जाते. प्रतीचा अंक जितका मोठा तितका तारा मंद असतो. लागोपाठच्या दोन प्रतींमधील तेजस्वितेचे गुणोत्तर २·५१२ धरावे, असे नॉर्मन पॉगसन (१८२९–९१) यांनी १८५६ मध्ये सुचविले व ते सर्वमान्य झाले. पॉगसन १८६१ पासून अखेरपर्यंत मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. तेथील त्यांचे साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये दक्षिण आकाशातील जालक तारकासमूहातील एका ताऱ्याची (आर) रूपविकारिता शोधून काढली. एका भारतीयाने आधुनिक काळात लावलेल्या अशा प्रारंभीच्या शोधांत त्याची गणना होते.

निरीक्षण पद्धती : हौशी निरीक्षकाचे मुख्य साधन म्हणजे तुलना-नकाशा. त्यात रूपविकारी ताऱ्याच्या परिसरातील अविकारी तारे व त्यांच्या मोजलेल्या प्रती दिलेल्या असतात. निरीक्षक इष्ट ताऱ्याहून किंचित तेजस्वी व किंचित मंद असे दोन तारे निवडतो आणि इष्ट तारा त्यांच्यामध्ये कोठे बसतो याचा अंदाज एक दशांश प्रतीपर्यंत करतो. अंदाज, तुलनेस घेतलेले तारे आणि वेळ यांची नोंद तत्क्षणी करावी लागते. महिने व वर्षे यांच्या असमान लांबीमुळे हिशेबात घोळ होऊ नये म्हणून वेळ ज्यूलियन दिनांकात, म्हणजे इ. स. पू. ४७१३ पासून मोजलेल्या अखंड दिवससंख्येत लिहिली जाते. अशा अनेक नोंदी आलेखावर मांडल्या म्हणजे ताऱ्याचा ‘प्रकाश वक्र’ मिळतो.

ही पद्धत वाटते तितकी सोपी नाही. तांबड्या ताऱ्याकडे एकटक पाहत राहिल्यास तो अधिकाधिक तेजस्वी भासू लागतो. चंद्रप्रकाश, क्षितिजाजवळची धूळ व ताऱ्यांच्या मांडणीची दिशा यांमुळेही अंदाज चुकतो. एकाच ताऱ्याबद्दल दोन अनुभवी निरीक्षकांच्या अंदाजांत दोन-तीन दशांश प्रतींचा फरक सहज पडतो. परंतु अनेकांच्या नोंदी एकत्र केल्या असता हे वैयक्तिक दोष बऱ्याच अंशी परस्परांना छेद देतात. अधिक घातक दोष अपेक्षेचा असतो. काल तारा आठव्या प्रतीचा होता, हे आठवत असले म्हणजे आज तो साडेआठव्या प्रतीचा ‘दिसू’ लागतो. म्हणून निरीक्षणापूर्वी आदल्या नोंदी पाहू नयेत, असा दंडक आहे. तारा दिसलाच नाही, तर त्या वेळी दिसू शकलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत देऊन ‘याहून मंद’ अशी नोंद करावयाची असते. अशा नकारात्मक नोंदीला सकारात्मक नोंदीइतकेच महत्त्व आहे. एखादा स्फोट कोणत्या रात्रीपर्यंत झालेला नव्हता, हे कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

संघटित प्रयत्न : एकट्याच्या वहीतील नोंदी त्याच्या मृत्यूबरोबर नाहीशा होण्याचा धोका असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संघटनेची गरज भासू लागली. अमेरिकेतील हार्व्हर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग (१८४६–१९१९) यांनी १८८२ मध्ये स्वयंसेवकांकडून नोंदी मिळविण्याची एक योजना प्रसिद्ध केली आणि स्त्रियांनीही या कामात भाग घ्यावा, असे तीत मुद्दाम सुचविले. १८९० मध्ये ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी ज्योतिर्विदांची संस्था स्थापन झाली व तिच्या रूपविकारी तारे विभागाने त्याच वर्षी काम सुरू केले. १९११ मध्ये कनेक्टिकट राज्यातील वकील विल्यम टायलर ओल्कट (१८७३–१९३६) यांनी पिकरिंग यांच्या प्रोत्साहनाने ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ ही संस्था स्थापन केली. फ्रान्समध्ये १९२१ मध्ये अशीच संस्था निघाली, तर न्यूझीलंडमध्ये फ्रँक बेटसन (१९०९–२००७) यांनी १९२७ मध्ये स्थापन केलेल्या विभागाने दक्षिण गोलार्धातील ताऱ्यांचा भार उचलला. त्याच देशातील ॲल्बर्ट जोन्स (१९२०–२०१३) यांनी आयुष्यभरात पाच लाखांहून अधिक अंदाज नोंदविले. १९८७ च्या अतिदीप्त नवताऱ्याच्या स्वतंत्र शोधकर्त्यांत त्यांचा समावेश होतो [⟶ नवतारा व अतिदीप्त नवतारा].

अमेरिकन संस्थेचे कार्यालय चार दशके हार्व्हर्ड वेधशाळेच्या आवारात होते. १९५३ च्या सुमारास वेधशाळेने हा आश्रय काढून घेतला. तेव्हाच्या संचालिका मार्गारेट मेयॉल (१९०२–९५) यांनी लाखो नोंदींचे कागद भाड्याच्या खोल्यांत हलवून तुटपुंज्या निधीवर काम चालू ठेवले. याच सुमारास हार्व्हर्डने आकाशाची नियमित छायाचित्रे घेण्याचा आपला जुना उपक्रमही खर्चासाठी थांबविला. पुढे सु. पंधरा वर्षे तो बंद राहिल्यामुळे एका शतकाच्या छायाचित्रसंग्रहात एक खिंडार पडले, ते आता कोणत्याही उपायाने बुजविता येत नाही. त्या वर्षांत अनेक ताऱ्यांचे काय झाले, हे हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरूनच समजते. मेयॉल यांच्यानंतर जॅनेट मॅटेई (१९४३–२००४) या १९७३ ते २००४ या काळात संचालिका होत्या. जुन्या कागदांवरील नोंदी संगणकात उतरविण्याचे मोठे काम त्यांच्या कारकीर्दीत झाले. २०११ मध्ये संस्थेच्या संग्रहातील नोंदींची संख्या दोन कोटींवर गेली.

या परंपरेतील निरीक्षकाचे जीवन कसे असे, याचे उदाहरण म्हणून लेस्ली पेल्टिअर (१९००–८०) यांचा उल्लेख केला जातो. ओहायओ राज्यातील एका शेतकरी कुटुंबात ते वाढले. स्ट्रॉबेरी वेचून मिळविलेल्या पैशांतून त्यांनी पहिला छोटा दूरदर्शक घेतला आणि १९१८ पासून अखेरपर्यंत १,३०,००० हून अधिक अंदाज नोंदविले. शिवाय बारा धूमकेतू शोधले. उत्तर मुकुट तारकासमूहातील ‘टी’ हा तारा एरवी दहाव्या प्रतीचा असतो, परंतु १८६६ च्या मे महिन्यात तो अकस्मात दुसऱ्या प्रतीपर्यंत तेजस्वी झाला होता. तो पुन्हा कधी ना कधी उजळेल, या आशेने पेल्टिअर त्याच्याकडे पंचवीस वर्षे पाहत होते. १९४६ च्या फेब्रुवारीतील एका पहाटे ते वेध घेण्यासाठी उठले. पण सर्दीची लक्षणे वाटल्याने परत अंथरुणात शिरले. त्याच रात्री तारा उजळला व शोधाचा मान दुसऱ्यांकडे गेला. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. तथापि, स्फोटाच्या आधीच्या वर्षी हा तारा नेहमीपेक्षा मंद झाला होता, ही गोष्ट पेल्टिअर यांच्या त्या काळातील नोंदींमुळेच पुढील पिढ्यांना कळली आणि ती त्या हुकलेल्या शोधापेक्षा अधिक मोलाची ठरली.

भारतातील कार्य : भारतात या क्षेत्रातील सर्वांत मोठे काम राधागोविंद चंद्र (१८७८–१९७५) यांचे आहे. ते अविभक्त बंगालमधील जेसोर (यशोहर) येथील सरकारी कोषागारात नोकरीस होते आणि त्यांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते. १९१० मध्ये त्यांनी हॅली धूमकेतूचे द्विनेत्री दुर्बिणीतून निरीक्षण केले व नंतर इंग्लंडहून तीन इंची दूरदर्शक मागविला. १९१८ च्या जूनमध्ये गरुड तारकासमूहात उजळलेला नवतारा त्यांना स्वतंत्रपणे दिसला. हार्व्हर्ड वेधशाळेशी झालेल्या पत्रव्यवहारातून ते अमेरिकन संस्थेशी जोडले गेले. त्यांच्या नोंदींची नियमितता पाहून संस्थेने १९२६ मध्ये चार्ल्स एल्मर यांचा सहा इंची दूरदर्शक त्यांच्याकडे समुद्रमार्गे पाठविला. १९५४ पर्यंत त्यांनी ३७,००० हून अधिक नोंदी पाठविल्या. फाळणीनंतर जेसोर पाकिस्तानात गेले व त्यांना कलकत्त्याजवळील बारासात येथे स्थलांतर करावे लागले. वार्धक्यामुळे निरीक्षण थांबल्यावर तो दूरदर्शक वेणू बाप्पू (१९२७–८२) यांच्याकडे आणि पुढे तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत गेला. भारतातील आधुनिक खगोलशास्त्रीय वेधशाळांची उभारणी करणाऱ्या बाप्पू यांनीही विद्यार्थिदशेत रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षणानेच आपल्या कार्याचा आरंभ केला होता.

चंद्र यांच्या नोंदींचे महत्त्व केवळ संख्येत नाही. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा भारतात रात्र असते. त्यामुळे काही तासांत रूप पालटणाऱ्या ताऱ्यांच्या प्रकाश वक्रातील जो भाग पश्चिमेकडील निरीक्षकांना कधीच दिसू शकत नाही, तो भारतीय रेखांशावरील निरीक्षक भरून काढतो. उलट, भारताच्या बहुतेक भागांत पावसाळ्यात आकाश ढगाळ राहत असल्याने जून ते सप्टेंबर या काळात नोंदींत खंड पडतो व तो इतर देशांतील निरीक्षकांनी भरावा लागतो. महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षणाला संघटित रूप देण्याचे काम १९४४ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने केले. हौशी ज्योतिर्विदांच्या भारतातील जुन्या संस्थांत तिची गणना होते.

निष्पत्ती : हौशी निरीक्षकांच्या दीर्घकालीन नोंदींतून निघालेल्या निष्कर्षांपैकी काही पुढीलप्रमाणे आहेत.

मीरा वर्गातील तारे हे आयुष्याच्या उतरत्या टप्प्यावरील तांबडे राक्षसी तारे असतात. ताऱ्यांच्या उत्क्रांतीस सामान्यतः कोट्यवधी वर्षे लागत असल्यामुळे ती मानवी कालमानात दिसणे दुर्मिळ असते. परंतु वासुकी तारकासमूहातील ‘आर’ या ताऱ्याचा आवर्तकाल सतराव्या शतकाच्या अखेरीस सु. ४९५ दिवस होता, तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सु. ३८५ दिवसांवर आला. हा बदल तीन शतकांच्या नोंदी सलग मांडल्यावरच लक्षात येतो. एका आयुष्यात, कितीही चांगल्या उपकरणाने, तो सिद्ध करता आला नसता.

उत्तर मुकुटातीलच ‘आर’ या ताऱ्याची रूपविकारिता पिगट यांनी १७९५ मध्ये शोधली. तो एरवी सहाव्या प्रतीचा असतो. पण पूर्वसूचना न देता मंदावतो व कित्येक महिने तसाच राहतो. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या कार्बनाची काजळी त्याचा प्रकाश अडवत असल्यामुळे असे घडते. २००७ मध्ये सुरू झालेले त्याचे मंदावणे अनेक वर्षे टिकले. अशा अनियमित घटनेचा आरंभ टिपण्यासाठी रोजच्या रोज पाहणारे डोळेच लागतात. सारथी तारकासमूहातील एप्सायलॉन या ताऱ्याला दर २७ वर्षांनी सु. दोन वर्षे चालणारे ग्रहण लागते. त्यामुळे एका निरीक्षकाला आयुष्यात ते जेमतेम दोन-तीन वेळा पाहता येते. १९८२–८४ आणि २००९–११ या काळातील ग्रहणांच्या नोंदींत हौशी निरीक्षकांचा मोठा वाटा होता.

हंस तारकासमूहातील ‘एसएस’ या ताऱ्याची हकीकत विशेष बोधप्रद आहे. हार्व्हर्ड येथे लुइसा वेल्स यांनी १८९६ मध्ये शोधलेली ही ताऱ्यांची जोडी आहे. तीत एक श्वेत लघुतारा आपल्या सोबत्याकडून द्रव्य ओढून घेतो व ते द्रव्य त्याच्याभोवती तबकडीच्या आकारात साचते. सरासरीने दर सात आठवड्यांनी ही जोडी बाराव्या प्रतीवरून आठव्या प्रतीपर्यंत उजळते. परंतु पुढचा उद्रेक नेमका केव्हा होईल, हे सांगता येत नाही. तबकडीतील अस्थैर्य हे या उद्रेकांचे कारण मानले जाते. मात्र हबल अवकाशीय दूरदर्शकाच्या मापनांवरून या जोडीचे अंतर सु. ५२० प्रकाशवर्षे येत होते आणि ते खरे मानल्यास जोडीची तेजस्विता सिद्धांताशी जुळत नव्हती. सिद्धांत सोडावा की मापनावर संशय घ्यावा, असा पेच निर्माण झाला. रेडिओ तरंगांद्वारे अंतर अचूक मोजता येणे शक्य होते. पण हा तारा उद्रेकाच्या वेळीच मोजण्याइतके रेडिओ तरंग उत्सर्जित करतो. म्हणून हौशी निरीक्षकांनी उद्रेकाची सूचना द्यावयाची व लागलीच रेडिओ दूरदर्शक तिकडे वळवावयाचे, अशी योजना करण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मापनानुसार अंतर सु. ३७० प्रकाशवर्षे निघाले आणि सिद्धांत तरला. गाइआ उपग्रहाने पुढे केलेल्या मापनांनीही या अंतराला पुष्टी दिली.

मृगातील काक्षी हा तांबडा महातारा नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांना सुपरिचित आहे. २०१९ च्या अखेरीपासून तो मंदावू लागला व फेब्रुवारी २०२० मध्ये सु. १·६ प्रतीपर्यंत उतरला. हे मंदावणे असाधारण आहे की नेहमीच्या चढउतारांपैकीच आहे, या प्रश्नाचे उत्तर देताना ज्योतिर्विदांना अनेक दशकांच्या दृश्य नोंदींचा आधार घ्यावा लागला. ताऱ्याने उत्सर्जित केलेल्या द्रव्यातून बनलेला धुळीचा ढग आड आल्यामुळे हे घडले, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले.

मर्यादा व सद्यःस्थिती : डोळ्यांनी केलेल्या अंदाजांची अचूकता मर्यादित असते. एक दशांश प्रतीहून लहान बदल त्यांच्या कक्षेत येत नाहीत आणि पृथक् रंगांतील तेजस्विताही त्यांवरून कळत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशविद्युत् प्रकाशमापकाचा वापर सुरू झाला व शतकाच्या अखेरीस विद्युत् भारयुग्मित प्रयुक्ती (सीसीडी) हौशी निरीक्षकांच्या आवाक्यात आल्या. त्यामुळे एक सहस्रांश प्रतीच्या आसपासचे फरकही खाजगी वेधशाळांतून मोजता येऊ लागले. दुसरीकडे, सर्व आकाशाची दर काही रात्रींनी आपोआप छायाचित्रे घेणारे प्रकल्प एकविसाव्या शतकात सुरू झाले आणि त्यांनी हौशी निरीक्षकांना फार मागे टाकतील इतके नवे रूपविकारी तारे शोधले. त्यामुळे डोळ्यांनी निरीक्षण करण्याचे प्रयोजन उरले आहे काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो.

या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जातात. अतिसंवेदी उपकरणांना काक्षीसारखे तेजस्वी तारे अती प्रखर ठरतात व त्यांचे मापन बिघडते. म्हणून तेजस्वी ताऱ्यांचे क्षेत्र अजूनही बव्हंशी हौशी निरीक्षकांकडेच आहे. दुसरे असे की, यांत्रिक सर्वेक्षणाचे आयुष्य त्याच्या अनुदानाइतके असते. कोणताही असा प्रकल्प अद्याप शंभर वर्षे चाललेला नाही. मीरासारख्या ताऱ्यांच्या दृश्य नोंदी मात्र त्याहून जुन्या आहेत आणि जुन्या मालिकेशी नवी मोजणी जोडावयाची, तर काही काळ दोन्ही पद्धतींचे वेध बरोबरीने घ्यावे लागतात. एखाद्या रात्री न घेतलेला वेध नंतर कोणत्याही यंत्राने घेता येत नाही.

उत्तर मुकुटातील ‘टी’ या ताऱ्याच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. १९४६ नंतर हा तारा पुन्हा शांत झाला. २०२३ मध्ये तो नेहमीपेक्षा मंद झाल्याचे निरीक्षकांना आढळले. १९४५ मधील मंदावण्याशी हे मिळतेजुळते असल्याने २०२४ च्या सुमारास पुढील स्फोट होईल, असे भाकीत करण्यात आले. पेल्टिअर व त्यांच्या समकालीनांच्या वह्या नसत्या, तर या भाकिताला आधारच उरला नसता. २०२४ हे वर्ष स्फोटाविना सरले. त्या वर्षभर अनेक देशांतील निरीक्षकांनी जवळजवळ प्रत्येक रात्री तारा दहाव्या प्रतीच्या आसपासच असल्याची नोंद केली. स्फोटापूर्वी हा तारा किती काळ व कशा रीतीने शांत असतो, हे पुढील अभ्यासकांना याच नोंदींवरून ठरवावे लागेल.